काका गाडीतून उतरत नाहीत

छावणी, ९ फेब्रुवारी

सावनी,

"शिवम, आधारकार्ड आहे का रे जवळ?"

तुझ्या बाबांनी काल दुपारी एवढंच विचारलं आणि तिथून माझं सगळं बदललं. हसू नको. कुणाचं लॉटरीनं बदलतं, कुणाचं अपघातानं, माझं आधारकार्डानं बदललं. हातात फडकं होतं, मी गाडीची काच पुसत होतो, आणि आता मी तोयधारा कंपनीचा तांत्रिक सल्लागार आहे!

थांब, फाडू नको. आधी सगळं नीट सांगतो.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. इन्स्टावरून काढलंस. विश्वजीतच्या फोनवरून लावला तर त्यालाही ब्लॉक केलंस, त्या गरिबाची काय चूक? मग छावणीच्या पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "नागपूरला? मग कुरिअर कर की." म्हटलं नाय, पोस्टच. पोस्टमनला कुणाला ब्लॉक करता येत नाय.

आता दुसरा प्रश्न तुझ्या डोक्यात आलाच असेल, की बाबांच्या गाडीशी ह्याचा काय संबंध. दिवाळीत काकांची (तुझ्या बाबांना मी काकाच म्हणतो) सरकारी सल्लागारपदाची मुदत संपली, सरकारी गाडी परत गेली, तिच्याबरोबर ड्रायव्हरही गेला. काकांनी स्वतः स्टिअरिंग धरून किती वर्षं झाली देव जाणे. पहिल्याच दिवशी त्यांनी ज्योतीनगरच्या कोपऱ्यावर भाजीचा हातगाडा पाडला. टोमॅटो गल्लीभर. प्रमोदिनीकाकू वाण्याला म्हणत होत्या, "एखादा सरळ मुलगा मिळाला गाडीसाठी तर बघा हो." मी तिथंच उभा होतो. का उभा होतो ते विचारू नको, तुमची गल्ली माझ्या कुठल्याच रस्त्यावर पडत नाय. म्हटलं, "काकू, मी चालवतो की." तेव्हापासून मी काकांची गाडी चालवतो. तुझं नाव मी तिथं एकदाही काढलेलं नाय, शपथ.

तर काल तोयधाराचे मालक राजेंद्रसर घरी आले होते. गावोगावच्या पाणीयोजना करते ही कंपनी. ते गेल्यावर काका अंगणात आले.

"शिवम, मला एक वर्ष बाहेर काम घेता येत नाही. सरकारात असताना ज्या कामाला हात लावला, त्या कामातल्या कंपनीत वर्षभर जायचं नाही, अशी अट आहे. जायचंच तर सरकारची परवानगी. पण ह्यांना सल्लागार हवाय. मी तुझं नाव सुचवलं."

"काका, माझं बीएस्सी अर्धवट आहे."

"फिजिक्स होतं ना?"

"होतं. पण तेच…"

"पाणी वरून खाली येतं, एवढं माहीत आहे?"

"माहितीय."

"मग झालं. बाकी मी सांगेन. आधारकार्ड आहे का रे जवळ?"

बघ! अर्ज नाय, मुलाखत नाय. कॉलेजात प्राचार्यांनी माफीनामा लिही म्हटलं आणि मी नाय लिहिला, तेव्हा तू बसस्टँडवर मला काय म्हणालीस? "कँटीनमध्ये माझ्यासाठी मारामारी कर असं मी कधी म्हटलं होतं? शिवम, आधी एखादी गोष्ट स्वतःच्या नावावर करून दाखव, मग ये बोलायला." झाली! केबिनच्या दारावर पितळी पाटी लागणार आहे, माझ्या नावाची. पगार सांगत नाय, तुला वाटेल फुशारकी मारतोय.

(मारतोय.)

शिवम

---

लासूर स्टेशन, २७ फेब्रुवारी

सावनी,

मार्केट यार्डाबाहेर कडुनिंबाखाली बसून लिहितोय. कांद्याचे ट्रॅक्टर लागलेत, धुरळ्यानं कागद तांबडा झालाय. समजून घे, साइटवरचा माणूस आहे मी आता!

आमची कामाची पद्धत सांगतो, मजा येईल. काका माझ्याबरोबर साइटवर येतात, पण गाडीतून उतरत नाहीत. मागच्या सीटवर बसतात. काचांना पडदे आहेत, काकूंनी जुन्या साडीचे शिवून दिलेत, मोरपंखी. मी उतरतो आणि चालत जाऊन कंपनीच्या माणसांना भेटतो. इथला सुपरवायझर बन्सी म्हणून आहे. आज त्यानं विचारलं, "साहेब, टाकी टेकडीवर घ्यायची का शाळेमागं?" (साहेब! मला!)

म्हटलं, "इथं रेंज नाय. एक फोन करून आलो."

पळत गाडीपाशी. काच चार बोटं खाली येते. आतून आवाज, "शाळेमागची जागा खोलगट आहे, दाब मिळणार नाही. टेकडीवर घ्या म्हणावं."

पळत परत. "टेकडीवर घ्या. शाळेमागं खोलगट पडतंय, दाब मिळणार नाय."

बन्सी बघतच राहिला. "वा साहेब! तिकडं गेलेच नाहीत अन् ओळखलं!"

दिवसभर हेच. टेकडी ते गाडी, गाडी ते टेकडी. पायांचा पार भुगा झाला, पण सावनी, मी शिकतोय. पाण्याचा दाब, पाइपाची जाडी, हवा कुठं कोंडते. काका शिकवतात तसं कॉलेजात एकानंही शिकवलं असतं तर मी वर्गात बसलो असतो. (बसलो नसतो. तू दिसायचीस ना खिडकीतून.)

एक गोष्ट मात्र तुला सांगायचीय. दुपारी गाडीतच डबा खाल्ला. काकांनी पडदा जरासा सारला आणि त्या टेकडीकडं बघत बसले, हातात पोळी तशीच. म्हणाले, "ही टाकी मी सरकारात असताना कागदावर काढली होती. ह्याच टेकडीवर." त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला. मला वाटलं, उतरतात. पण हात मागं घेतला.

"उतरा की काका. कोण बघतंय?"

"कुणी बघत नसलं तरी मला उतरता येत नाही, शिवम. अजून आठ महिने."

केवढा नियमाचा माणूस! आजकाल कोण पाळतं असं? मी विश्वजीतला सांगितलं तर तो म्हणाला, "मग घरीच बस म्हणावं की." त्याला काय कळतंय. मी त्याला दोन शिव्या घातल्या.

त्यांचा एक फोटो काढलाय मी, पोळी खाताना, त्यांच्या नकळत. हसताना तू पण अशीच दिसतेस, डावीकडून.

कंपनीचा एक जाडजूड आराखडा फुलंब्री गटाच्या निविदेला जायचाय. पहिल्या पानावर माझं नाव आहे. राजेंद्रसरांनी सही कुठं करायची ते बोट ठेवून दाखवलं, मी केली. इतकी पानं आहेत, वाचतो निवांत एक दिवस.

शिवम

---

फुलंब्री, १३ मार्च, होळी

सावनी!

लागलं! काम आम्हाला लागलं! फुलंब्री गटाची योजना तोयधाराला मिळाली. तांत्रिक आराखड्याला सगळ्यात जास्त गुण. माझ्या आराखड्याला! माझ्याच गावाचं पाणी मी आणणार! आमचे वडील, नाना, तालुक्यात ताठ मानेनं हिंडतायत. कॉलेज सोडलं तेव्हा हेच नाना मला "बिनकामाचा कोंबडा" म्हणायचे. आज पुरणपोळीवर स्वतःच्या हातानं तूप ओतलं.

पण खरी बातमी पुढंच आहे. माझा फ्लेक्स लागलाय. चौकात, एसटी स्टँडच्या समोर. माणूस फुलंब्रीत उतरला की पहिल्यांदा मीच दिसतो.

विश्वजीतनं केलंय सगळं. मी गॉगल घालून, कानाला फोन (बंद होता), पाठीमागं धबधबा. एवढा धबधबा फुलंब्रीत कुणी बघितलाय? म्हटलं, विश्या, हे कुठलं रे? तर म्हणाला, "पाण्याचा साहेब हाईस ना, मग पाणी नको?" खाली शुभेच्छुकांच्या रांगेत त्याचा स्वतःचा फोटो माझ्यापेक्षा दोन बोटं मोठा. वर लिहिलंय, "तोयधारा कंपनीच्या सल्लागारपदी निवड व फुलंब्री गटाच्या पाणीयोजनेचे काम खेचून आणल्याबद्दल शिवमभाऊंचे हार्दिक अभिनंदन."

आणि सावनी, नुसता माझाच फोटो कसा लावू देईन मी? ज्यांच्यामुळं झालं त्यांचा मान नको? वरच्या कोपऱ्यात, गोल चौकटीत, झेंडूच्या हारात तुझे बाबा आहेत. लासूरचाच फोटो, हातातली पोळी तेवढी कापली. खाली मी सांगून लिहून घेतलं: "आमचे मार्गदर्शक, कंपनीचे खरे आधारस्तंभ, आदरणीय व्यंकटराव काका."

काकांना सांगितलेलं नाय. रविवारी गाडी इकडून नेणार आहे, काहीतरी निमित्त काढून. पडदा सारतील आणि बघतील. त्यांचा चेहरा कसा होईल!

तू इथं असतीस तर म्हणाली असतीस, शिवम, किती हा उथळपणा. म्हण. पण माझ्या आईनं, सरूबाईनं, त्या फ्लेक्ससमोर उभं राहून पदर डोळ्याला लावला. ते उथळ नव्हतं.

शिवम

---

छावणी, २४ मार्च

सावनी,

तुझं कार्ड आलं. आलं!! पोस्टमननं खालून हाक मारली, मी जिना उतरलो का पडलो आठवत नाय. घरमालकीण म्हणाली, काय नोकरी लागली का? म्हटलं, मावशी, नोकरी आधीच लागली, हे त्याच्यावरचं आहे.

एकच ओळ. "शिवम, तू तिथं नेमकं काय काम करतोस? – सावनी."

'प्रिय' नाय, 'तुझी' नाय. चालेल. अक्षर तुझं आहे. 'नेमकं'मधला अनुस्वार तू नेहमीसारखा वर फेकलास, पतंगासारखा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आज देत नाय. कारण आज मी तुला भलतंच सांगणार आहे.

काकांना रविवारी फ्लेक्स दाखवायची वेळच आली नाय. कुणीतरी फोटो काढला, ग्रुपवर टाकला, तिथून दुसऱ्या ग्रुपवर, तिथून मंत्रालयात कुणाच्या तरी फोनवर. शनिवारी सकाळी काकांचा फोन. सावनी, मी त्यांचा आवाज कधी चढलेला ऐकलेला नाय. "ते उतरव. आत्ताच्या आत्ता उतरव ते!" मला वाटलं फोटो आवडला नाय. म्हटलं, काका, दुसरा लावतो, सुटातला. फोन आपटला.

मग ऑफिसात राजेंद्रसर. "अरे गाढवा, जे झाकायचं असतं ते तू चौकात टांगलंस?"

झाकायचं. हा शब्द मला तिथंच टोचला. पण मी म्हटलं, आधी दुसरं काम करू. काकांची तक्रार केली कुणी? कळलं, साहेबराव. आमच्या फुलंब्रीचाच ठेकेदार, विहिरी, बोअर, पाइपलाइन करतो, नानांच्या बरोबरचा. त्यानंही ह्याच कामाची निविदा भरली होती, त्याला मिळालं नाय. रोज त्या फ्लेक्सखालच्या टपरीवर चहा पितो म्हणे.

माझं डोकं तुला माहितीय. माझी बाइक काढली, सरळ त्याच्या दुकानात. गल्ल्यावर वाकून कॉलर धरली.

"साहेबराव, काकांच्या नावानं तक्रार करता?"

त्यानं कॉलर सोडवलीसुद्धा नाय. आत बघून म्हणाला, "दोन चहा सांग रे." मग मला, "आधी चहा पी. मग मार. उपाशीपोटी मारामारी जमत नसती."

आता अशा माणसाला कसं मारायचं?

"शिवम, एक सांग. ह्या कामाच्या अटी कुणी लिहिल्या? सरकारच्या सल्लागारानं. आराखड्याला गुण कशे द्यायचे, कुणी ठरवलं? सल्लागारानं. व्यंकटरावांनी. बरोबर?"

"असेल."

"अन् तोयधाराचा आराखडा कुणी लिहिला?"

"मी."

तो माझ्याकडं बघत राहिला. "तू लिहिला?"

"सही माझीय."

"मी सहीचं नाय इचारलं, बाळा."

चहा आला. मी प्यायलो नाय.

"तू कॉलेजात गेलेला हाईस. ज्या मास्तरनं पेपर काढला, त्यानंच एका पोराला घरी बसवून शिकवणी दिली, तर बाकीची पोरं काय करतील? मी पाइपात जिंदगी घातली. मला माझं मार्कं पडलं असतं तर पडलं असतं, नसतं तर नसतं. पर पेपर काढणाऱ्याला वर्षभर लांब बसवायचं ते उगीच नाय. लई हुशार माणूस हाय तुझा काका. म्हणूनच लांब बसवायचं."

मी निघून आलो. दुकानाबाहेर येऊन बाइकच्या स्टँडला लाथ मारली, माझाच अंगठा सुजलाय.

घरी आलो आणि तो आराखडा वाचला, पहिल्यांदाच. सावनी, भाषा सगळी काकांची. "दाब मिळणार नाही" सुद्धा तसंच. माझं त्याच्यात एकच वाक्य आहे. ते माझं नाव.

शिवम

---

छावणी, ३० मार्च, पाडवा

सावनी,

मी नाचतोय. खोलीत, एकटा, अंगठा सुजलेला असताना. खालून घरमालकीण काठीनं छत ठोकतेय.

सांगतो. पाडव्याचं म्हणून आज तुमच्या घरी गेलो होतो. काकूंनी मलाच गुढीला गाठी बांधायला लावली, आणि श्रीखंडाची दुसरी वाटी न विचारता वाढली. जेवण झाल्यावर काका म्हणाले, "चल, गाडीत बसू." गाडी अंगणातच उभी होती! काकू आतून ओरडल्या, "हे हल्ली गाडीतच का बसतात कोण जाणे! घरात जागा नाही का?"

काका मागं, मी पुढं, आरशात त्यांचे डोळे. त्यांच्या हातात एक कागद.

पाणीपुरवठा विभागानं खुलासा मागितलाय. शुक्रवारी सुनावणी आहे. काकांना बोलावलंय, आणि मला पण, माझ्या नावानं वेगळं बोलावणं. काकांच्या हातातल्या कागदात माझ्या वतीनं आधीच लिहून ठेवलंय की आराखडा मीच स्वतः तयार केला, व्यंकटराव यांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही, त्यांचा फोटो मी त्यांना न विचारता घरगुती आदरापोटी लावला. खाली सहीची जागा.

"फोटोचं तर खरंच आहे," काका म्हणाले.

मी म्हटलं, "काका, साहेबराव म्हणाले, पेपर काढणाऱ्यानं…"

"साहेबरावला पाण्यातलं किती कळतं?" मग हळू आवाजात म्हणाले, "शिवम, मी तीस वर्षं पाणी शिकलो. अख्ख्या जिल्ह्याची जमीन मला तोंडपाठ आहे. आणि एका कागदानं सांगायचं, वर्षभर घरी बसा. काय करू? तुझ्या काकूला गहू निवडू लागू? मी चोरी केली का? चांगली योजना होईल की वाईट?"

"चांगली होईल."

"मग?"

त्यांनी वाईट काही सांगितलेलंच नाय कधी. टाकी टेकडीवरच पाहिजे.

आणि मग, सावनी, मग ते म्हणाले, "मला माहीत आहे तू गाडी चालवायला का आलास."

माझे हात स्टिअरिंगवर तसेच.

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुझं कॉलेज का सुटलं तेही माहीत आहे. मी आंधळा नाही. मुलगा तापट आहे पण मनाचा चांगला आहे. आमची रीत वेगळी, तुमची वेगळी, ते बघता येईल. एवढं एक शुक्रवारी पार पाड. मग मी सावनीशी बोलतो. ती माझं ऐकेल."

गाडीतून उतरलो तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते! सगळं डोळ्यासमोर आलं. नाना जेवणात मटणाचा हट्ट धरतील, मी म्हणेन नाना गप्प बसा. विश्या फ्लेक्स लावेल, ह्या वेळी मी स्वतः लावायला सांगेन, धबधब्यासकट. एका सहीचं काम! ह्याआधी न वाचता केलीच होती की. आता तर वाचून करायचीय.

तो कागद उशाखाली आहे. तुझं कार्ड पण तिथंच आहे.

एक विचारू? ते म्हणाले, "ती माझं ऐकेल." तू त्यांचं ऐकतेस का गं? म्हणजे असं?

शिवम

---

तोयधाराचं ऑफिस, जालना रोड, ४ एप्रिल

सावनी,

केबिनमध्ये बसून लिहितोय. एसी चालू आहे. खाली काका गाडीत बसलेत, तिथला पण एसी चालू आहे. "वर जा, सही कर, कागद घेऊन ये," म्हणाले, "तिथूनच सुनावणीला जाऊ." मी वर आलो आणि कंपनीचे कोरे कागद ओढून तुलाच लिहायला बसलो. राजेंद्रसर दोनदा डोकावून गेले. त्यांना वाटतंय सहीच्या आधी वाचतोय. शहाणा झालाय पोरगा, म्हणत असतील.

रागावू नको आणि मध्येच थांबू नको. हे शेवटपर्यंत वाच.

चार दिवस मी तो कागद उशाखालून काढत होतो आणि त्याच्याबरोबर दर वेळी तुझं कार्ड बाहेर यायचं. नेमकं काय काम करतोस? नेमकं काय काम करतोस? आता देतो उत्तर. सावनी, मी सही करतो. एवढंच. टेकडी ते गाडी पळतो ते काकांचं काम. बोलतो ते काकांचं बोलणं. कंपनीनं सल्लागार ठेवला तो मागच्या सीटवर आहे, आणि त्याच्यावरचा पडदा मी आहे. मोरपंखी पडदा.

आणि तुला काय दाखवत होतो? पाटी!

आज येताना क्रांती चौकाच्या सिग्नलला मी काकांना म्हटलं. आरशात बघूनच म्हटलं, वळून बघायची हिंमत नव्हती.

"काका, तुम्ही आधीच परवानगी का नाय मागितली? तशी सोय आहे म्हणाला होतात."

"मागितली असती तर नाही म्हणाले असते."

"मग तेच उत्तर होतं की, काका."

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न. मी गाडी काढली नाय. काका म्हणाले, "चल." मी म्हटलं, "तुम्हीच लिहून द्या. आराखडा माझा, पोराला मी बसवलं. फार तर काम जाईल. फेरनिविदा होईल, तेव्हा तुमचं वर्ष संपत आलं असेल. परवानगी घ्या आणि मग उतरा की टेकडीवर, उघड्यावर, सगळ्यांच्या समोर. तुम्हाला उतरायचंच होतं लासूरला, मी बघितलं."

रिक्षावाला काचेशी येऊन म्हणाला, "क्या भाई, शादी में रुके क्या?"

मग काका म्हणाले, "सही केली नाहीस तर तुला कोण ठेवील, शिवम? अर्धवट शिकलेला, डोक्याचा तापट. आणि सावनीला मी काय सांगू?"

सावनी, त्या वाक्याला माझं डोकं भणाणलं. कँटीनमध्ये जसं भणाणलं होतं अगदी तसंच. पण हात उचलावा असा समोर कुणी नव्हताच, होते ते तुझे बाबा. त्यांना माझा राग आला नव्हता. भीती वाटत होती. तीस वर्षं ज्याला सगळे विचारायला यायचे, त्याला कुणी विचारेनासं झालंय, ह्याची. मला ते कळतं गं. तू ब्लॉक केलंस तेव्हा मलाही तसंच झालं होतं.

म्हणून म्हटलं, "काका, सावनीला काही सांगू नका. ती ऐकायची पण नाय. ती फक्त विचारते."

खरं आहे ना? तू असं ऐकणारी असतीस तर मी तुमच्या गल्लीत उभाच कशाला राहिलो असतो?

तुला ह्या पत्रात काही मागत नाय. ब्लॉक काढ म्हणत नाय. लग्नाचं आरशातलं बोलणं होतं, ते आरशातच राहू दे. एक सांगतो, आज संध्याकाळी बाबांना फोन कर. त्यांना रागव, पण फोन कर. काकूंना अजून काही माहीत नाय.

सुनावणीला मी जाणार. रिक्षानं. बोलावणं माझ्या नावानं आलंय, आणि ह्या सगळ्यात तेवढं एकच खरंच माझं आहे. तिथं सांगेन की आराखड्यातलं एकच वाक्य माझं आहे, ते खोडा. पुढं काय करतील ते करतील. कंपनीला नोटीस, काकांना नोटीस, मला पण. सांगताना आवाज चढला तर चढला. साहेबराव तिथं असेल, त्याला म्हणेन, त्या दिवशीचा चहा राहिलाय.

फ्लेक्सचं सांगायचं राहिलंच! नानांनी उतरवून आणला आणि कडब्याच्या गंजीवर टाकला. वाया कशाला घालवायचा म्हणाले. मी खाली गेलोय, धबधबा आत गेलाय, आणि तुझे बाबा नेमके वर, उन्हात, झेंडूच्या हारात. नाना सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडं बघून रामराम करतात.

गंमत वाटतेय का बघ, पण मला ह्या घडीला लई भारी वाटतंय. कॉलेज सोडलं तेव्हा सही नाय केली ती नुसत्या हट्टानं. आज पण हट्टच आहे, पण ह्या वेळी कशासाठी ते मला माहितीय.

झालं. टेबलावर तो कागद आहे, सहीची जागा कोरी. व्हिजिटिंग कार्डांचा डबा त्याच्यावर ठेवलाय, उडू नये म्हणून. दारावरची पितळी पाटी मी आल्या आल्याच काढली, टेबलावरच्या टोकदार कात्रीनं, दोन स्क्रू होते. ती खिशात आहे. नाव माझं आहे, घेऊन जातो.

खाली जाऊन गाडीची काच वाजवीन. चार बोटं खाली येईल. म्हणेन, काका, किल्ली गाडीलाच आहे, मी नाय चालवत आता. मग त्यांना उतरावं लागेल, निदान मागून पुढं बसायला तरी. भर रस्त्यात, जालना रोडवर, उजेडात. भाजीच्या हातगाड्यांना सांभाळा म्हणेन.

राजेंद्रसर परत येतायत, बुटांचा आवाज येतोय. आता पाकीट चिकटवतो. उठतो. एसी बंद करतो. दारावर दोन भोकं राहिलीत फक्त, त्यांच्याकडं एकदा बघतो आणि दार ओढून घेतो.

शिवम